कामगाराला राज्याची सीमा केवढ्याला पडते?

वेदगंगा (निपाणी)

महाराष्ट्रातल्या कागलच्या एमआयडीसीत रोज सकाळी कर्नाटकातल्या निपाणीकडून कितीतरी पोरं कामाला जातात. तिथल्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर येतं: "कर्नाटकातली पोरं कमी पगारात तयार होतात, म्हणून आमच्या पोरांना भाव मिळत नाही." बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आपलीच माणसं हेच वाक्य बिहार-ओडिशाच्या कामगारांबद्दल बोलतात. अथणी-कागवाड भागात ऊसतोडीला बीडच्या टोळ्या उतरल्या की तिथले शेतमजूरही तेच म्हणतात. 'बाहेरचा' प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे, तक्रार मात्र एकच.

मी अर्थशास्त्र शिकवतो. या तक्रारीत तथ्य किती, यावर जगभर भरपूर संशोधन झालंय. त्यातलं काही तर आपल्यासारख्याच सीमेवरच्या गावांचं आहे, म्हणून हा धागा काढला. १९५६, महाजन अहवाल, सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा हा सीमावादाचा विषय मला जवळचा आहे आणि त्यावर इथं चर्चा होतच असते. इथं मात्र मजुरी आणि तब्येत यांवरच बोलू या.

सगळ्यात गाजलेला अभ्यास मायामीचा. १९८० मध्ये क्युबातून सव्वा लाखाच्या आसपास माणसं होड्यांनी अमेरिकेत आली. त्यातली निम्मी मायामीत राहिली आणि शहरातलं मनुष्यबळ काही महिन्यांत ७ टक्क्यांनी वाढलं. डेव्हिड कार्ड यांनी १९९० च्या शोधनिबंधात मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टॅम्पा या शहरांशी केली. कमी शिकलेल्या स्थानिकांची मजुरी या लोंढ्यामुळं घसरल्याचं त्यांना दिसलं नाही. कार्डना २०२१ साली नोबेल मिळालं. जॉर्ज बोर्हास यांना हे पटलं नाही. त्यांनी २०१७ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा काढली, त्यातले शाळा अर्धवट सोडलेले पुरुष वेगळे केले, आणि त्यांची मजुरी १० ते ३० टक्के पडली असं मांडलं. त्यावर उत्तर आलं की एवढा छोटा गट घेतला तर नमुन्यात मोजकीच माणसं उरतात, शिवाय त्याच सुमारास पाहणीत आधीच कमी मजुरी असलेल्या कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढलं होतं, त्यामुळं सरासरी आपोआप खाली आली. हा वाद अजून मिटलेला नाही.

मला जास्त लागू पडतात ते युरोपातले दोन अभ्यास. पहिला जर्मनी-चेक सीमेचा. १९९१ मध्ये चेक कामगारांना जर्मनीच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांत काम करायची मुभा मिळाली, राहायची नाही. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. म्हणजे कागलला जाणाऱ्या आपल्या पोरांसारखंच. डुस्टमान, शोनबर्ग आणि स्टूलर यांना दिसलं की स्थानिकांची मजुरी थोडीच घटली, पण स्थानिकांचा रोजगार बराच घटला. कामावर असलेल्यांना काढलं गेलं असं फारसं झालं नाही. नव्यानं लागणाऱ्या स्थानिकांची संख्या कमी झाली.

दुसरा स्वित्झर्लंडचा. तिथंही शेजारच्या देशांतून रोज ये-जा करणाऱ्यांवरची बंधनं २००० नंतर टप्प्याटप्प्यानं उठली. तिथं कारखाने वाढले, नवे प्रकल्प सीमेजवळ आले, स्थानिकांचा रोजगार घटला नाही आणि जास्त शिकलेल्या स्थानिकांचे पगार वाढले. कारण तिथल्या उद्योगांना कुशल माणसं मिळतच नव्हती, ती मिळाल्यावर त्यांनी विस्तार केला.

सीमा तशीच, ये-जाही तशीच, निकाल मात्र उलटे. म्हणजे 'बाहेरचे आले की मजुरी पडते' हा नियम नाही आणि 'काहीच फरक पडत नाही' हाही नाही. कोण येतो, कुठल्या कामावर येतो, आणि मालक त्या माणसाच्या जोरावर धंदा वाढवतो की फक्त खर्च वाचवतो, यावर ते ठरतं.

आता आपल्या देशाकडे. कोने, मट्टू, ओझडेन आदी अभ्यासकांनी २००१ च्या जनगणनेवरून जिल्ह्याजिल्ह्यांमधली ये-जा मोजली. शेजारचे दोन जिल्हे एकाच राज्यात असतील तर त्यांच्यातलं स्थलांतर, मध्ये राज्याची सीमा असलेल्या शेजारी जिल्ह्यांपेक्षा किमान ५० टक्के जास्त. भाषा, अंतर वगैरे हिशेबात घेऊनही हे उरतंच. रेशन, शिक्षणातला रहिवासाचा दाखला, राज्य सरकारी नोकऱ्या यांना राज्याची हद्द आहे, हे त्यांनी दिलेलं कारण. बेळगाव-कोल्हापूर ही जोडी डोळ्यांसमोर आणा.

मला वाटतं, माणूस सीमा ओलांडतो तेव्हा त्याचं रेशन, दवाखाना, मुलांची शाळा, तक्रार ऐकणारा अधिकारी, सगळं मागं राहतं. म्हणून तो मिळेल त्या पगाराला हो म्हणतो, आणि त्याच्या शेजारी काम करणाऱ्या स्थानिकाचा भावही तिथंच अडकतो. तुमच्याकडं काय दिसतं ते लिहा. मान्य नसेल तर तसंही लिहा.

उद्यमबाग_पाळी

वेदगंगा सर, मी फौंड्रीत सुपरवायझर आहे. आमच्यात स्थानिक पोरं आयटीआय करून सीएनसी, व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर जातात. मोल्डिंग (साचे बनवणं), फेटलिंग (ओतलेला भाग घासून साफ करणं), भट्टीपुढचं काम आता जवळजवळ सगळं ओडिशा-बिहारच्या पोरांकडं. ती नसती तर कास्टिंगच (ओतकाम) पडलं नसतं, आणि कास्टिंग नाही तर पुढं मशीनवर बसणाऱ्या आमच्या पोरांना तरी काम कुठलं? हे तुमच्या स्वित्झर्लंडसारखं झालं.

खरं दुसरी गोष्टपण सांगतो. वडगाव, मजगावकडचे पन्नाशीतले हेल्पर आहेत. शिक्षण सातवी-आठवी. त्यांना सीएनसी जमत नाही आणि फेटलिंगमध्ये आता कंत्राटदार पोरं पुरवतोय. कंत्राटदाराचा पोरगा शेडमागच्या खोलीत राहतो, रात्री अकरालाही हाक मारली तर येतो. घरसंसार असलेला माणूस ते कसं करणार? त्या हेल्परला 'सरासरीत काही फरक नाही' सांगून काय उपयोग हाय?

वेदगंगा

तुमचे दोन्ही मुद्दे संशोधनात सापडतात. डेन्मार्कमध्ये १९८६ ते १९९८ दरम्यान निर्वासितांना सरकारनंच वेगवेगळ्या नगरपालिकांत वाटून दिलं होतं. फोगेड आणि पेरी यांनी तिथल्या कमी शिकलेल्या स्थानिकांचा माग काढला. ते अंगमेहनतीच्या कामांतून कमी अंगमेहनतीच्या, बोलाचालीच्या कामांकडं सरकले आणि त्यांचे पगार वाढले. ही तुमची सीएनसीवाली पोरं. पण सरकणं तरुणाला आणि नुकतंच काम धरलेल्याला सोपं जातं. पन्नाशीतल्याला नाही. तुमच्या हेल्परचं नुकसान खरं आहे, ते सरासरीत बुडतं म्हणून खोटं ठरत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींचा २०१६ चा मोठा अहवाल आहे. त्यात म्हटलंय की दीर्घकाळात मजुरीवरचा एकूण परिणाम फार लहान असतो. फटका बसलाच तर तो आधी आलेल्या स्थलांतरितांना आणि शाळा पुरी न केलेल्यांना बसण्याची शक्यता जास्त. म्हणजे ओडिशाहून दहा वर्षांपूर्वी आलेल्या मोल्डरला, आणि तुमच्या हेल्परला.

एक विचारतो. त्या शेडमागच्या पोरांचा ईएसआय (कामगार विमा) भरला जातो का?

उद्यमबाग_पाळी

थेट कंपनीच्या हजेरीवर असलेल्यांचा भरतात. कंत्राटदाराकडच्यांचा काहींचा भरतात, काहींचा नाही. पोरगा चार महिन्यांनी दुसऱ्या शेडमध्ये जातो, नवा कंत्राटदार, नवा नंबर. वाळूची बारीक धूळ छातीत जाते त्याचा त्रास वर्षांनी दिसतो, तोपर्यंत तो गावी गेलेला असतो. ते दुखणं इथल्या कुठल्याच वहीत येत नाही.

तिसरी_बाजू

धागा चांगला आहे, पण अर्थतज्ज्ञांचं एकमत असल्यासारखं कुणी वाचू नये. अँगस डीटन, २०१५ चे नोबेल विजेते, भारतातल्या गरिबी आणि पोषणावर आयुष्यभर काम केलेले गृहस्थ. त्यांनी २०२४ मध्ये जाहीर लिहिलं की स्थलांतरामुळं स्थानिक गरीब कामगारांचं जवळजवळ काहीच बिघडत नाही, हे आपलं जुनं मत आता डळमळीत झालंय. अमेरिकेची दारं उघडी होती तेव्हा विषमता जास्त होती, १९२४ ते १९६५ दारं बंद असताना ती कमी झाली आणि नंतर पुन्हा वाढली, हे त्यांनी दाखवलं. आपल्या सीमाभागात मराठी माणसाला आधीच सरकारी नोकरीत भाषेची अडचण आहे. त्याच्याकडं उरलं ते कारखान्यातलं काम. त्यातही वाटेकरी आले तर त्यानं बोलायचंच नाही का?

वेदगंगा

बोलायचंच, त्यासाठीच धागा आहे. डीटन यांचं म्हणणं मी गांभीर्यानं घेतो. फक्त १९२४ ते १९६५ या काळात अमेरिकेत महायुद्ध झालं, कामगार संघटना बळकट झाल्या, श्रीमंतांवरचे कर वाढले. विषमता कमी होण्यामागं हे सगळं होतं. स्थलांतराचा वाटा त्यातून वेगळा काढणं अवघड.

भाषेच्या अडचणीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण मग कागलमध्ये आपण वाटेकरी आहोत, तिथल्या पोरांनीही हेच म्हणायचं का, याचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल.

कृष्णाकाठ (अथणी)

मी ऊस लावतो. आमचं दुखणं येगळंच. टोळी येळेवर येत नाही. आली की मुकादम खुशाली म्हणून वरचे पैसे मागतो, ट्रॅक्टरवाला एन्ट्रीचे मागतो. नाही म्हटलं की ऊस उभाच राहतो, तुरा येतो, वजन जातं. कारखान्याला सांगितलं तर ते म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. म्हणून आमच्या भागात आता हार्वेस्टर यायला लागलेत. पट्टा रुंद ठेवून लागण करा म्हणतात. मशीन आलं की बाहेरून माणूस आणायची गरज नाही आणि स्थानिक मजुरालापण चांगला भाव मिळेल, असं आमच्यात बरेच जण म्हणत्यात. सर, तुम्हाला काय वाटतंय?

वेदगंगा

दादा, अगदी हाच प्रयोग कॅलिफोर्नियात होऊन गेलाय. १९४२ पासून अमेरिका मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणत होती, ब्रासेरो नावाच्या योजनेखाली. हे मजूर गेले की स्थानिक शेतमजुरांची मजुरी वाढेल, या युक्तिवादावर १९६४ अखेर ती योजना बंद केली. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल यांनी २०१८ मध्ये जुन्या नोंदी काढून तपासलं. ज्या राज्यांत हे मजूर खूप होते आणि ज्या राज्यांत नव्हतेच, तिथली मजुरी पुढं जवळपास सारख्याच चालीनं गेली. स्थानिकांना फायदा दिसला नाही. शेतकऱ्यांनी मजुरी वाढवण्याऐवजी टोमॅटो काढायचं यंत्र घेतलं, आणि ज्या पिकाला यंत्र नव्हतं ते पीक कमी केलं.

म्हणून हार्वेस्टरनं तुमची टोळीची अडचण सुटेल, स्थानिक मजुराचा भाव वाढेलच असं नाही. लहान, वाकड्यातिकड्या तुकड्यात मशीन फिरत नाही. त्या शेतकऱ्याला टोळीच लागेल आणि मोठे शेतकरी मशीनकडं गेल्यावर त्याच्याकडं टोळी यायचीही नाही.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे, आता भाऊ आणि वहिनी जातात. मी सध्या बेळगावात शिकतो. खुशालीचा उल्लेख वाचला, म्हणून लिहितोय. शेतकऱ्याचा राग समजतो. पण टोळीच्या बाजूनं हिशेब कसा असतो तेही इथं यायला हवं.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसऱ्याच्या आसपास मुकादम उचल देतो, म्हणजे पूर्ण हंगामाचे पैसे आगाऊ. ते दवाखान्यात, लग्नात, जुन्या कर्जात लगेच संपतात. मग पाच-सहा महिने ती उचल टनावर फेडायची. एक दिवस खाडा झाला तर दंड कापतात. हंगाम लवकर संपला, पाऊस पडला, टन भरले नाहीत, तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे पुढच्या वर्षी कुणाकडं जायचं हे ठरवायचा हक्कही गेला. सरांनी जी संशोधनं सांगितली त्यात माणूस जास्त मजुरी दिसली की दुसरीकडं जातो असं धरलेलं दिसतं. उचल घेतलेला माणूस हंगामाच्या मध्ये कुठंच जाऊ शकत नाही.

तोडणीच्या दरात महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली. पण तो करार महाराष्ट्रातल्या साखर संघाशी. कर्नाटकातल्या कारखान्याला तो बांधील नाही. इथं मुकादमाशी जे ठरेल ते. कधी इथं जास्त मिळतं, म्हणून तर टोळ्या येतात. पण वाद झाला तर जायचं कुणाकडं? तिकडं गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहं आहेत. इथला अधिकारी म्हणतो तुमच्या राज्यात तक्रार करा, तिथला म्हणतो घटना कर्नाटकातली.

कणकुंबीकर

आमच्या खानापूरच्या पश्चिम भागात उलटं आहे. इथं कुणी येत नाही, इथली पोरं जातात. कुणी गोव्यात हॉटेलात, कुणी वेर्ण्याच्या कंपन्यांत. गावात म्हातारी माणसं, बायका आणि शाळकरी पोरं. पण एक खरं, रोप लावणीला बाईमाणसाची मजुरी पूर्वीसारखी राहिलेली नाही, बरीच वाढलीय. माणूसच मिळत नाही तर वाढणारच. जमीनवाले कुरकुरतात, पण ज्यांना जमीन नाही त्या घरांना बरं झालंय.

वेदगंगा

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. बांगलादेशात रंगपूरकडं भाताच्या कापणीआधी दरवर्षी उपासमारीचे महिने यायचे. २००८ मध्ये ब्रायन, चौधरी आणि मुबारक यांनी काही घरांना शहरात जाऊन येण्याच्या भाड्यापुरते, साडेआठ डॉलर दिले. त्यामुळं एरवी न जाणाऱ्या आणखी २२ टक्के घरांनी माणूस बाहेर पाठवला, आणि त्या पैशामुळं ज्यांनी माणूस पाठवला त्यांच्या घरातलं खाणंपिणं ३० टक्क्यांवर सुधारलं. नंतरच्या प्रयोगात असंही दिसलं की गावातून पुष्कळ जण गेले तर मागं राहिलेल्यांची मजुरीही वाढते. कणकुंबीची रोपलावणी म्हणजे तेच.

राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश जिथं भिडतात तिथं इम्बर्ट आणि पॅप यांनी रोजगार हमीचा परिणाम पाहिला. गावातच काम मिळालं की लोक शहरात हंगामी मजुरीला कमी जातात, आणि मग शहरातल्या अकुशल मजुरांची मजुरी वर जाते. सीमेच्या एका बाजूला रोजगार हमी नीट चालते की नाही, यावर दुसऱ्या बाजूच्या शहरातला भाव हलतो.

म्हादई (आरोग्य)

मी आरोग्य विभागात काम करते, गावांची नावं घेत नाही. वर मजुरीची चर्चा चाललीय म्हणून थांबले होते, पण बालाघाट यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

आमची सगळी यंत्रणा घरांवर उभी आहे. आशाताईकडं घरांची यादी असते. गरोदर बाईची नोंद झाली की तिला तायी (आई) कार्ड मिळतं, नंबर पडतो, मग तपासण्या, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, बाळाचं लसीकरण, सगळं त्या नंबरावर चालतं. टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, कुठल्याच यादीत नसतात. कारखान्याच्या मागं, कालव्याकडेला, कुणाच्या पडीक शेतात दोन आठवडे, मग पुढं. आशाताई गेली तरी बायका पहाटे चारला फडात गेलेल्या, कोपीत फक्त एखादी आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत बसलेली. त्या मुलीला विचारून काय कळणार?

गावाकडं नोंद झालेली असते, पण ते कार्ड पुष्कळदा घरी पेटीत. आम्ही विचारलं, इंजेक्शन झालं का, तर 'एक घेतलंय बहुतेक'. मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. खाडा परवडत नाही, वर त्यांनी लिहिलंच आहे.

आणि गर्भपिशवीचा प्रश्न. २०१९ मध्ये बातम्या आल्यावर महाराष्ट्र सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत ३ टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट अगदी सारखे नाहीत हे लक्षात घेऊनही तफावत प्रचंड आहे. बाहेर लोक म्हणतात, मुकादम काढायला लावतो. मला दिसतं ते जास्त गुंतागुंतीचं. शौचालय नाही, पाळीत कपडा धुवायला पाणी नाही, अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते. साधा संसर्ग, तो वेळेवर औषधानं बरा होतो. पण हंगामात दवाखाना होत नाही, गावी गेल्यावर खासगीत दाखवलं जातं, कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते, आणि पिशवी काढली की पाळीचा खाडाही संपतो म्हणून बाई स्वतःच हो म्हणते. तिशीतच. पुढं हाडं ठिसूळ, अंगातून वाफा, कंबरदुखी, आणि तरीही कोयता.

उन्हाचंही तसंच. निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडं चाळिशीच्या आत निकामी होताना दिसली. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाबही नव्हता. तिथं पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती दिल्यावर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये फडात पाण्याचा एक कॅन असतो, तो बांधावर. बायका तर लघवीला जायला आडोसा नाही म्हणून मुद्दाम कमी पितात.

यासाठी नवं संशोधन लागत नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातच होतं: कंत्राटदाराची नोंदणी, फोटो असलेलं पासबुक, प्रवासभत्ता, मोफत वैद्यकीय सोय. आता तो २०२० च्या संहितेत गेला. मी आजपर्यंत एकाही तोडणीवाल्या बाईच्या हातात पासबुक पाहिलेलं नाही.

तिसरी_बाजू

म्हादई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. माझा प्रश्न स्थानिक मजुराबद्दल होता आणि तो अजूनही आहे. पण ज्या बाईला खाडा परवडत नाही तिच्याशी स्पर्धा करायची तर स्थानिक बाईलाही खाडा न घेता काम करावं लागणार, हे दिसतंय. मग तिच्या पासबुकाची मागणी स्थानिक संघटनेनं करायला हरकत नाही. निपाणीत तंबाखू आणि विडीच्या बायकांनी संघटना बांधून हक्क मिळवलेत, ते आपल्याच भागातलं उदाहरण आहे.

कृष्णाकाठ

ताई, आमच्या फडात मी पाणी ठेवतो. आडोशाचं डोक्यात आलं नव्हतं. चार बांबू आणि ताडपत्रीचं काम हाय ते, या हंगामापासून करतो.

आजरा_ते_खानापूर

माझं माहेर महाराष्ट्रात, सासर कर्नाटकात. एक राहून जातंय म्हणून लिहिते. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींच्या वर स्थलांतरित मोजले गेले, त्यात सगळ्यात मोठा भाग लग्न होऊन गेलेल्या बायकांचा. आपल्याकडं सोयरिकी सीमेपलीकडं सर्रास होतात. माझ्या नणंदा तिकडं दिल्या, मी इकडं आले. प्रत्येकीला रेशनकार्डातून नाव कमी करणं, नवीन घालणं, आधारचा पत्ता, रहिवासी दाखला, हे सगळं पुन्हा. सरकारकडून बायकांना महिन्याला इकडं गृहलक्ष्मीचे २०००, तिकडं लाडक्या बहिणीचे १५००. महाराष्ट्रानं नंतर सवलत दिली की परराज्यात जन्मलेली बाई तिथल्या रहिवाशाशी लग्न झालेली असेल तर नवऱ्याचे कागद चालतील. इकडं माझी कागदं कन्नडमध्ये, सासूबाईंनाही वाचता येत नाहीत. दवाखान्यात तर आमच्या गावात दोन योजनांची चर्चा असते, कारण महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आणि कर्नाटकानं त्यावर आक्षेप घेतला. आजारी माणसाच्या घरच्यांना कुठलं कार्ड कुठं दाखवायचं हेच समजत नाही.

वेदगंगा

रेशनबद्दल सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. 'एक देश एक रेशनकार्ड'मध्ये महाराष्ट्राचं कार्ड कर्नाटकातल्या रास्तभाव दुकानात चालतं आणि उलटही. घरातली दोन माणसं इथं आणि बाकीची गावी असतील तर धान्याचा काही भाग इथं, काही तिथं उचलता येतो. आधार जोडलेलं हवं, अंगठा लागतो. बालाघाट, टोळ्या हे वापरतात का?

बालाघाट

फार कमी. निघतानाच बाजरी-ज्वारीची पोती ट्रॅक्टरवर टाकतात. एक तर कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेत नाही. दुसरं, इथल्या दुकानात तांदूळ जास्त, आमच्या लोकांना भाकरी लागते. तांदूळ विकून पीठ आणतात, त्यात पैसे जातात.

वेदगंगा

डेव्हिड ॲटकिन यांनी २०१६ मध्ये नेमकं हेच आकड्यांत मांडलं. भारतात दुसऱ्या राज्यात गेलेली कुटुंबं आपल्या सवयीचं अन्न धरून ठेवतात, ते तिथं महाग असतं, आणि अन्नावर तेवढाच पैसा खर्चून शेजाऱ्यांपेक्षा कमी उष्मांक त्यांच्या पोटात जातात. पुरेसं खायला नसलेल्या घरांतसुद्धा हे दिसलं. आपल्याकडं उत्तर कर्नाटकात ज्वारी पिकते, खाल्लीही जाते. रेशनवर ज्वारी जास्त मिळाली तर इथल्या माणसालाही हवीच आहे.

उद्यमबाग_पाळी

अंगठ्याचं आमच्यातपण तसंच. मोल्डरचा अंगठा हजेरीच्या मशीनला लागत नाही, मग हजेरी बुडते. आम्ही चेहऱ्याचं मशीन लावून घेतलं.

बालाघाट

म्हादई ताई, एक विचारायचं होतं. वहिनी या वेळी चिकोडी भागात आहे, सातवा महिना संपतोय. गावाकडं नोंद झालीय, कार्ड घरी राहिलं. कन्नड कुणालाच येत नाही. तिनं कुठं जायचं, काय सांगायचं?

म्हादई (आरोग्य)

आधी गावाकडून कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो मागवा, आतली तपासण्यांची पानं विसरू नका, आणि वहिनीच्या नाहीतर भावाच्या मोबाइलवर ठेवा. आधारकार्ड सोबत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी जा. नोंद दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तपासणी नाकारता येत नाही. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लघवी आणि साखर एवढं त्याच दिवशी करून घ्यायला सांगा. चिकोडी-निपाणीकडं कर्मचाऱ्यांपैकी कुणाला तरी मराठी येतंच, न बिचकता मराठीत बोला. अंगावर पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, पायावर-तोंडावर सूज आली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. दोन्ही राज्यांत तोच नंबर आहे. फोनवर कारखान्याचं नाव आणि जवळचा रस्ता सांगायचा, कोपीला पत्ता नसतो. मोळी उचलणं आजपासून बंद, मुकादमाशी भावानं बोलावं, नाही ऐकलं तर मला कळवा. टोळी सध्या कुठल्या गावाच्या हद्दीत आहे तेवढं निरोपात पाठवा, तिथल्या आशाताईंशी मी उद्या बोलते.